माधूचा उघडा कूड

माधू गेल्याचा निरोप पौडच्या एस.टी.चा कंडक्टर घेऊन आला. पुण्यात आमच्या दारात तो उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि "आक्का तुमीच का?" असं विचारलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "गुरुजी गेलं," तो म्हणाला. "सकाळी वरच्या वाडीवरनं उतरलं, ओट्यावर बसलं, पाणी मागितलं… आन् पाणी यायच्या आतच…" मी त्याला विचारलं, "वरच्या वाडीवर कशाला गेला होता?" कंडक्टर बिचारा गांगरला. भाऊ गेल्याचं कळल्यावर बहीण रडते हे त्याला ठाऊक असणार, पण ती उलटतपासणी घेते हे त्याला नवीन होतं. "कुणाच्या तरी गोठ्यात वारा शिरत हुता म्हणं. आडोसा बांधून द्याया गेलं हुतं," एवढं सांगून तो जवळजवळ पळालाच. मग मी रडले. पण आधी मला राग आला होता, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही, हे या पुरवणीच्या वाचकांना सुरुवातीलाच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

डॉक्टरांनी माधूला चढण बंद केली होती. छाती दुखते, दम लागतो, वर जायचं नाही, असं माझ्यासमोर बजावलं होतं. माधूनं मान डोलावली होती. माझ्या भावाची मान कोणासमोरही डोलायची, हीच तर सगळी रड आहे. वाडीवरून कोणीतरी आलं, "गुरुजी, जरा येऊन जाता का?" म्हणालं, आणि हा गेला. "मला जमणार नाही" हे तीन शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकले नाहीत. शाळेत तो मुलांना शुद्धलेखन, गणित, भूगोल सगळं शिकवायचा, पण हे तीन शब्द त्याला स्वतःला कोणी शिकवले नव्हते.

आम्ही मुळशीतल्या रिहे गावचे. लहानपणी लावणीच्या दिवसांत दोन्ही चुलत्यांनी त्याला आपापले बैल राखायला सांगितले. एकाचं शेत ओढ्याच्या या अंगाला, दुसऱ्याचं त्या अंगाला. माधू दोघांनाही हो म्हणाला आणि मधल्या बांधावर जाऊन उभा राहिला. दोन्हीकडचे बैल भाताच्या रोपात शिरले. दोन्ही चुलत्यांनी त्याला बदडलं, आणि घरी आल्यावर आईनं. मी त्याला विचारलं, "अरे, एकाला तरी नाही म्हणायचंस!" तर हुंदके देत म्हणतो, "कोणाला?" पुढे मोठा झाला, पौडजवळ शाळामास्तर झाला, तरी तो त्या बांधावरून काही उतरला नाही. लग्नाला तेवढा त्यानं नकार दिला, पण तोही तोंडानं नाही. आम्ही मुलगी बघायला निघालो की हा कुठेतरी कोणाचं छप्पर शाकारायला गेलेला असायचा. तीन-चारदा असं झाल्यावर आम्हीच दमलो.

आता शिबिराचं सांगते, कारण त्याच्यासाठीच मी लेखणी उचलली आहे. ते श्रमदानाचे दिवस होते. देश घडवायचा होता आणि त्यासाठी दिसेल त्याच्या हातात घमेलं दिलं जात होतं. माधूच्या शिक्षणसंस्थेनं ठरवलं की उन्हाळ्याच्या सुटीत पुण्यातल्या मुलामुलींचं शिबिर मुळशीच्या डोंगरावर भरवायचं आणि वरच्या वाडीला चालता येईल अशी वाट करून द्यायची. ही वाडी म्हणजे धरणाचं पाणी आल्यावर वर सरकलेली माणसं. खाली यायचं तर घसरत, वर जायचं तर चार पायांवर, अशी त्यांची जुनी पायवाट होती. अडलेली बाई झोळीत घालून उतरवावी लागे. ही वाट म्हणजे माधूच्या जिवाचा ध्यास झाला. शिबिराचा प्रमुख तो, आणि स्वयंपाकघराची प्रमुख मी. माझे यजमान म्हणाले, "जा, भाऊ बोलावतोय," आणि मी दर वैशाखात भांडीकुंडी घेऊन वर जाऊ लागले.

तंबू ठोकायला सपाट जागा एकच होती, आणि ती होती धरणाच्या पाण्यावरचा उघडा माळ. तिथला वारा ज्यानं खाल्ला नाही त्याला सांगून कळणार नाही. सकाळभर गरीब गाईसारखा असतो. दुपार कलली की पश्चिमेकडून जो सुटतो, तो तंबूच्या खुंट्या उपटतो, पिठल्यात राख घालतो, परातीतलं पीठ उडवून नेतो. पहिल्या वर्षी माधूनं दोन खांबांना जाड ताडपत्री बांधली आणि पश्चिमेची बाजू पक्की बंद केली. ताडपत्री फुगली, खांब वाकले, आणि वारा तिच्यावरून उडी मारून थेट माझ्या चुलीत उतरला. ताडपत्री नसती तर बरं, असं झालं. मुलं आठवडाभर कच्ची भाकरी खाऊन राबली आणि मी धुरानं आंधळी झाले.

दुसऱ्या वर्षी तो आला तो वेगळंच डोक्यात घेऊन. त्यानं कारवीचा कूड घातला. आपल्याकडे घराच्या भिंतींना घालतात तोच, काठीला काठी लावून बांबूच्या कांबींनी आवळलेला, पण दोन काठ्यांच्या मधे बोट जाईल एवढी फट ठेवून, आणि माती-शेण न लिंपता. मागून तिरके टेकू दिले. मी म्हटलं, "एवढा खटाटोप करून भोकं कशाला ठेवलीस?" तर म्हणाला, "आक्का, वाऱ्याला अडवायचं नाही. गाळायचं. अडवला की तो चिडतो आणि वरून उडी मारतो. गाळून घेतला की त्याचा जोर मोडतो." मग माझं एक चांगलं लुगडं फाडून… जुनं होतं असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, चांगलं होतं… त्याची चिंधी एका काठीला बांधली आणि कुडाच्या मागे काठी धरून फिरत राहिला. जिथे चिंधी लोंबते तिथे तंबू, जिथे फडफडते तिथे नाही. कुडाला अगदी खेटून नाही आणि फार लांबही नाही. त्या वर्षी माझी चूल एकदाही विझली नाही. मुलांनी निम्मी वाट खोदून काढली. संध्याकाळी सगळी कुडाच्या आडोशाला बसून गाणी म्हणायची, वर झाडं पिळवटून निघायची आणि इथे खाली कंदिलाची ज्योत सरळ उभी. माधू तेव्हा जितका आनंदात होता तितका मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

तिसऱ्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांना, आपण त्यांना दादासाहेब म्हणू, स्वप्न पडलं की मुंबईहून मोठे पाहुणे आणून शिबिर दाखवावं. आदल्या दिवशी ते पाहणीला आले. मी तेव्हा गूळ-डाळ आणायला खाली पौडला गेले होते. कूड पाहून त्यांनी नाक मुरडलं. "हा काय गुरांचा वाडा? पाहुणे काय म्हणतील? लिंपून घ्या, जरा शोभा येऊ द्या," असं म्हणाले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. हे वाडीच्या बायकांनी ऐकलं. आता आमच्याकडे न लिंपलेला कूड म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. उघडा कूड म्हणजे त्या घरात बाई नाही. माधूचा तर संसारच नव्हता. बायकांच्या मनात आलं, आपल्यासाठी वाट करणाऱ्या गुरुजींचा कूड पाहुण्यांपुढे बोडका राहणार, आणि आपण सहा घरच्या बाया हातावर हात धरून बघणार? ठकूबाई त्यांची पुढारी. हिच्या सुनेला झोळीतून उतरवताना माणसांचे पाय घसरले होते, म्हणून वाटेच्या कामावर ती रोज पाण्याची घागर घेऊन हजर असायची. ती शेणाच्या पाट्या, माती, पेंढ्याचं भूस घेऊन बायकांसकट आली. दिवस मावळायच्या आत त्यांनी सगळा कूड दोन्ही अंगांनी लिंपून टाकला, वर बोटांनी नक्षी काढली, पांढऱ्या मातीची वेल ओढली. माधू तिथेच उभा होता. एक शब्द बोलला नाही.

मी वर आले आणि हातातली पिशवी तिथेच टाकली. "हे काय केलंस?" "बायकांनी केलं," तो म्हणाला. "आणि तू?" "मी काय करणार? त्या एवढ्या मायेनं…" मी ती चिंधीची काठी उचलली आणि कुडामागे धरली. संध्याकाळचा वारा होता. चिंधी लोंबली नाही, वाऱ्याच्या दिशेनं फडफडलीही नाही, उलटी होऊन कुडाकडेच धावली. वरून उडी मारलेला वारा मागे वळून भिंतीवर येत होता. माधूनं ते पाहिलं. आमच्यात शिकलेलं कोण, समजणारं कोण, असला प्रश्नच नव्हता. त्याला सगळं समजत होतं. "आत्ताच्या आत्ता खरवड," मी म्हटलं, "नाहीतर मी बोलावते ठकूला." तेव्हा त्यानं माझा हात धरला, स्वतःच्या गळ्याला लावला आणि म्हणाला, "माझ्या गळ्याची शपथ आहे आक्का. बायकांना एक अक्षर बोलायचं नाहीस. उद्या पाहुणे येऊन गेले की मी गुपचूप खरवडतो." आमच्या घरात गळ्याची शपथ म्हणजे थट्टा नव्हती. घालणाऱ्यानं स्वतः "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नसे. मी दातओठ खात भाकऱ्या बडवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मुलं हार घेऊन ओळीत उभी राहिली. दुपार कलली. पाहुणे काही येईनात. पौडहून एक माणूस धापा टाकत वर आला, पाहुण्यांचा बेत रद्द झाला म्हणून सांगायला. आणि तो बोलत असतानाच वाऱ्यानं उचल खाल्ली. लिंपण ओलं, जड. त्यावर वाऱ्याची थाप बसत होती ती मला पायाखाली जाणवत होती. आधी आडोशातले तंबू आतल्या आत हेलपाटले, मग चुलीतले निखारे उचलले गेले आणि दोन तंबूंना लागले. मग टेकू मोडले आणि अख्खा कूड, नक्षी-वेलीसकट, स्वयंपाकाच्या जागेवर आडवा झाला. एक मुलगी खाली सापडली. मी तिला ओढून काढली. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. माझ्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे तो तेव्हाचा. माधू जळते तंबू हातांनी ओढत होता.

संस्थेत बैठक झाली. मीही गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी गेले. दादासाहेबांनी विचारलं, "कूड कोणी बांधला होता?" माधू म्हणाला, "मी." "मग पडला कसा?" माधू गप्प. मी उठून म्हटलं, "लिंपायला तुम्हीच सांगितलंत!" दादासाहेब हसले. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणाले, "अहो बाई, लिंपल्यानं कधी भिंत पडते का? लिंपल्यानं ती पक्की होते." सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या. माधूला फक्त उठून सांगायचं होतं. काठीला चिंधी बांधून दाखवायची होती. तो बसून राहिला. बाहेर आल्यावर मी त्याला अक्षरशः हलवलं. "का रे? का?" तर म्हणाला, "लिंपण म्हटलं की बायकांचं नाव येणार. त्यांच्या जिवाला लागेल, आक्का." "आणि तुझ्या जिवाचं?" "मला काय… सवय आहे." आणि मग पुन्हा तीच शपथ, तोच गळा. बायकांना कधीच कळता कामा नये.

शिबिर त्याच्याकडून गेलं. पुढच्या उन्हाळ्यापासून ते शहरात, शाळेच्या इमारतीत भरू लागलं. पंख्याखाली बसून मुलं श्रमाचं महत्त्व ऐकू लागली. वाट निम्म्यावर राहिली. खालचा अर्धा भाग आजही छान आहे, बैल जाईल असा. वरचा अर्धा, खडा चढ, तो तसाच आहे. गेली दहा-बारा वर्षं वाडीची माणसं त्यावरून घसरतायत. आणि छातीत दुखत असलेला माझा भाऊ गेल्या महिन्यात कोणाच्या तरी गोठ्याला आडोसा द्यायला त्याच चढावरून वर गेला आणि त्यावरूनच उतरला. कोणी म्हणतं वेळ आली होती. कसली वेळ? तो एका बैठकीत एकदा तोंड उघडता तर वाट पुरी झाली असती. वाट पुरी झाली असती तर… पण त्या "तर"ला धरून मी किती दिवस बसू?

शाळेत शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, गुरुजी म्हणजे आपणा सर्वांचा कूड होते. टाळ्या वाजवायच्या राहिल्या एवढंच. कूड काय असतो हे त्या गृहस्थांनी जन्मात पाहिलं नसेल. मग दादासाहेब उठले. आता पार थकलेत, काठी टेकत उठले. म्हणाले, "शिबिराचा तो एक दुर्दैवी प्रसंग सोडला तर माधवरावांचं चरित्र निष्कलंक होतं." सोडला तर! तो प्रसंग ज्यानं घडवला तो माणूस मोठ्या मनानं तो सोडून द्यायला निघाला होता! मी उठून बाहेर आले. त्याच दिवशी ठरवलं की हे लिहायचं. ज्या गळ्याची शपथ तो गळाच राहिला नाही. तरी हात अडखळत होता, खोटं कशाला सांगू.

हात मोकळा झाला तो तेराव्याच्या आदल्या दिवशी. माधूच्या घराला मागे पश्चिमेला एक पडवी आहे. मोडलेल्या शिबिराच्या कुडातल्या धड काठ्या त्यानं माळावरून खांद्यावर वाहून आणल्या होत्या, मातीचा कण न् कण खरवडून पुन्हा कूड बांधला होता, फटी ठेवून, आणि तो इतकी वर्षं तसाच उघडा ठेवला होता. त्याच्या आडोशाला त्याचा स्टो, चहाची भांडी आणि बसायचा पाट. आलागेला त्याला विचारायचा, "गुरुजी, हा कूड लिंपत का न्हाई?" आणि तो म्हणायचा, "लिंपू की सवडीनं."

त्या सकाळी ठकूबाई वाडीच्या बायका घेऊन उतरली. आता चांगली म्हातारी झालीय, त्या चढावरून तिला दोघींनी धरून आणलं होतं. सुतक फिटायचं म्हणून घर सारवून द्यायला आल्या होत्या, डोक्यावर शेणाच्या पाट्या. कोणी बोलावलं नव्हतं. ठकूबाई सरळ पडवीत गेली. कुडाकडे बघून तिचे डोळे भरले. "किती बोडका ठिवलाय बघा," म्हणाली, "बाईमाणूस न्हाई ना घरात… आदी ह्योच लिंपते." आणि तिनं शेणाचा गोळा उचलला.

"नाही," मी म्हटलं. इतक्या जोरात की बाहेरच्या बायका आत आल्या. "ठकूबाई, हात लावायचा नाही त्याला."

"का गं आक्का? काय चुकलं आमचं?"

आणि मी सांगितलं. सगळं. दादासाहेबांचं बोलणं, ती चिंधी, ओलं जड लिंपण, बैठक, शपथ. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. बोलता बोलता मी रडत होते आणि तिच्यावरच ओरडत होते. ठकूबाई शेणानं भरलेला हात तसाच धरून ऐकत होती. मला वाटलं आता ही मोडून पडणार. ज्या भीतीनं माझ्या भावानं आपली वाट, आपलं काम, आपलं नाव सगळं घालवलं, ते आता माझ्या डोळ्यांसमोर घडणार.

ती खाली पाटावर बसली. मग म्हणाली, "म्हंजी गुरुजींचा कूड कच्चा न्हवता?"

"नाही."

"आन् आमी इतकी वरसं म्हणत आलो… मानूस लई चांगला, पर कूड कच्चा घातला. पोरीला लागलं. आमीच म्हणत हुतो गं आक्का, वाडीत, आपसात." तिनं कपाळावर हात मारला, शेण लागलं त्याचं तिला भान नव्हतं. मग एकाएकी ती चिडली. माझ्यापेक्षा जास्त चिडली. "आरं, पर सांगायचं हुतं की आमाला! तितं उभा हुता न्हवं का ह्यो? ठके, लिंपू नकोस, वारा आडतोय, येवडंच म्हणायचं हुतं! हासत खरवडून काढलं असतं. आमी काय साखरंच्या हुतो, इरघळाया? आन् मागनं समजलं असतं तर आमी साऱ्या जणी गेलो असतो त्या बैठकीत… वाट आमची हुती का त्येंची?"

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, आणि त्याला तर नाहीच नाही. ज्यांच्या जिवाला लागेल म्हणून तो जपला, त्यांना कधी विचारलंच नाही की बायांनो, लागेल का? त्यांना काचेच्या समजला. त्या रोज तो चढ चढणाऱ्या बाया, डोक्यावर घागर आणि पोटात मूल घेऊन…

ठकूबाई उठली. "चला गं," म्हणाली, आणि त्यांनी सगळं घर सारवलं, ओटा, माजघर, पडवीची जमीन. कुडाच्या बुडाशी येऊन तिचा हात थांबला. काठ्यांना शेणाचा एक थेंब लागला तोही तिनं पदरानं पुसून घेतला. तोवर दुपार कलली होती आणि वारा सुटला होता. मी स्टो पेटवून चहा टाकला. बाहेर परसातली केळ फाटत होती, आणि कुडामागे ज्योत निळी, सरळ.

"इजत न्हाई की गं," ठकूबाई म्हणाली.

"नाही विझत."

चहा पिऊन झाल्यावर ती निघाली. त्या अर्ध्या वाटेनं आणि मग त्या चढावरून. मी पडवीत एकटीच राहिले. शपथ घालणाऱ्यानं सोडायची असते आणि तो न सोडताच निघून गेला होता, नेहमीसारखा, काही न बोलता. मग मीच मोठ्यानं म्हटलं, "सुटली." रिकाम्या घरात ते फार मोठं वाटलं. बस एवढंच असतं, माधू. तोंड उघडायचं, आणि एक शब्द.